बोईसरची गाडी आणि फ्रेंचची वही

पहाटेची डहाणू लोकल बोईसरला येते तेव्हा बायकांच्या डब्यात निम्मी झोप आणि निम्मा संसार भरलेला असतो. कुणी वेणीचे शेवटचे पेड घालत असते, कुणी मांडीवर मेथी निवडत असते, कुणी डबा उघडून घाईघाईने पोळीचा घास मोडत असते. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका पहाटे त्या डब्यात मीही चढले. कडेवर दीड वर्षाचा नातू, खांद्याला दूध, दशम्या आणि दुपटी भरलेली पिशवी. पुढे आमची सूनबाई, छातीशी एक जाड वही घट्ट धरून. तिची एम.ए.ची शेवटची तोंडी परीक्षा होती. विषय फ्रेंच.

तुम्ही म्हणाल, बोईसर कुठे आणि फ्रेंच कुठे! मीही तेच म्हणाले होते, आणि जरा जास्तच बोचऱ्या शब्दांत म्हणाले होते. ते पुढे सांगते. आधी आमचे बोईसर.

मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर पश्चिम रेल्वेचे हे स्टेशन. बाहेरच्या माणसाला नाव सांगितले की तो म्हणतो, "हां, तारापूरचं अणुवीज केंद्र!" देशातले ते पहिलेच अणुवीज केंद्र, १९६९ साली सुरू झालेले. स्टेशन आणि समुद्र यांच्या मध्ये औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद, सगळ्यांचे कारखाने. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी आणि रिक्षांनी भरून जातो. पण याच रस्त्याने पुढे गेले की चिंचणीचा समुद्र आहे, सुरूची झाडे आहेत, आणि उन्हाळ्यात नाक्यावर करवंदे आणि ताडगोळे घेऊन बसलेल्या वारली बाया आहेत. मी १९८६ साली लग्न होऊन इथे आले. आमच्या इमारतीत मराठी, गुजराती, मल्याळी, बंगाली, भोजपुरी अशा पाच भाषांत कुकरच्या शिट्ट्या होतात. सहावी भाषा आमच्या घरातून निघेल असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

सूनबाई लग्न होऊन आली ती बी.ए.ला फ्रेंच घेऊन आणि एम.ए.चे एक वर्ष पुरे करून. लग्न ठरले, पुढचे वर्ष राहिले. "नंतर करू" असे सगळेच म्हणाले, आणि "नंतर" या शब्दाचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहेच. वर्षभरात बाळाची चाहूल लागली. एकदा जेवताना तिने हळूच विषय काढला. मी वरण वाढता वाढता म्हणाले, "फ्रेंच शिकून काय करणार? बोईसर स्टेशनाबाहेर पाव विकणार?" सगळे हसले. तीही हसली. नंतर तिने विषय काढला नाही.

गुढीपाडव्याच्या आधी मी माळा झाडायला घेतला. बाळ तेव्हा पाच महिन्यांचे. एका जुन्या साडीत गुंडाळलेली वही हाती लागली. अक्षर सुरेख, समासात लाल शाईने खुणा. मला त्यातले अक्षरही कळत नव्हते, पण एक गोष्ट कळली. शेवटच्या पानावरचे वाक्य अर्धेच होते. वर तारीख होती, ती तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवसाची.

मैत्रिणींनो, मी स्वतः बारावीनंतर कॉलेजात नाव घातले होते. पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि हळद लागली. माझी वही माहेरी कुणी तरी रद्दीत घातली. ती वही मला चाळीस वर्षांत कधी आठवली नव्हती. त्या दिवशी माळ्यावर आठवली.

रात्री मी ह्यांच्याजवळ बोलले. ह्यांनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले. पोराला कोण बघणार, आणि उपयोग काय?

पहिल्याचे उत्तर मी होते. दुसऱ्याचे उत्तर शेजारणीने दिले. ती औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. ती म्हणाली, "अहो वहिनी, आमच्याकडनं आफ्रिकेला माल जातो ना, त्या खोक्यांत फ्रेंच कागद घालावा लागतो. तिकडं कितीतरी देशांत सरकारी भाषाच फ्रेंच आहे." सेनेगल, आयव्हरी कोस्ट ही नावे मी प्रथमच ऐकली. मग सूनबाईनेही एक माहिती पुरवली. तारापूरच्या केंद्राला सुरुवातीला इंधन अमेरिकेतून यायचे. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, आणि १९८२ साली करार होऊन इंधन फ्रान्समधून येऊ लागले. म्हणजे माझ्या नव्या संसारातला पहिला मिक्सर ज्या विजेवर फिरला, तिच्यात फ्रान्सचाही वाटा असणार! हे म्हणाले, "मग आपण त्यांचं देणं लागतो म्हणायचं." तो होकारच होता.

तेवढ्यावर सगळे सुरळीत झाले असे समजू नका. विद्यापीठात चौकशी करून राहिलेले वर्ष पुरे करता येईल असे कळले, आणि जुलैपासून आमच्या घराचे घड्याळ बदलले. सूनबाई चारला उठे. कणीक मी रात्रीच मळून ठेवी. ती दोन्ही वेळची भाजी चिरून, स्वतःचा डबा घेऊन निघे. कालिन्याला पोचायला अडीच-तीन तास, यायला तेवढेच. घरी येई तेव्हा बाळ झोपलेले असे. एकदा बाळाला ताप होता आणि हिची चाचणी. ती दारात चप्पल घालून उभी राहिली, आत जावे की बाहेर हे तिला ठरवता येईना. मी म्हटले, "जा. ताप मला कळतो, फ्रेंच कळत नाही. तू तुझं बघ, मी माझं बघते." संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात गोळा होता. रात्री ताप उतरला. पण बाळाने तिच्याकडे जायला हात पुढे केले नाहीत, माझ्या खांद्यावर मान टाकली. ती काही बोलली नाही, भांडी घासायला गेली. त्या रात्री आम्ही दोघीही नीट झोपलो नाही.

आता वरच्या वर्गाचे फ्रेंच म्हणजे काय, ते मला समजले तेवढे सांगते. मला वाटायचे, "नमस्कार, तुम्ही कसे आहात" हेच लांबवून लांबवून शिकवत असतील. तसे नाही. या भाषेच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत, ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. बाजारहाट, पत्ता विचारणे हे पहिल्या दोन पायऱ्यांवरच येते. विद्यापीठात वरच्या पायऱ्या लागतात. तिथे शेकडो पानांच्या कादंबऱ्या मूळ भाषेत वाचायच्या, नाटके, कविता, भाषेचा इतिहास, भाषांतर, शिवाय फ्रान्सबाहेर आफ्रिकेत आणि कॅनडात लिहिलेले साहित्यही. त्यावर फ्रेंचमध्येच वाद घालायचा. कुणाचे मत का पटले नाही ते लिहायचे.

आपल्याकडे हे फ्रेंच अगदीच परके नाही, बरं का. अत्र्यांचे 'कवडीचुंबक' पाहून आपण पोट धरून हसलो, ते मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या नाटकावरून घेतलेले. फास्टर फेणेवाल्या भा. रा. भागवतांनी मुलांसाठी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न हाही फ्रेंचच. आणि आपले शिवणटिपण पाहा. क्रोशाची सुई, शिफॉन, व्हॉईल, ब्लाऊज, हे सगळे शब्द फ्रेंचमधून आलेले. डेनिम म्हणजे 'नीम गावचे' कापड, नीम हे फ्रान्समधले शहर. हे ऐकल्यापासून मी शिंप्याकडे जरा ताठ मानेने जाते.

तर त्या पहाटे आम्ही गाडीत चढलो. गाडी डहाणूहून, वाणगावहून भरूनच आलेली. पण कडेवर मूल पाहिले की बायकांचा डबा कुठून तरी चार बोटे जागा काढतोच. उमरोळी गेले, पालघर आले. पालघर आता जिल्ह्याचे ठिकाण, २०१४ च्या १ ऑगस्टपासून. सूनबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. समोरच्या बाईंनी विचारले, "काय हो, पोथी म्हणतेय का?"

"परीक्षा आहे. फ्रेंचची," मी म्हटले. आवाजात नकळत ठसका आला.

मग काय, डबाच जागा झाला. "सासूला काय म्हणतात गं फ्रेंचमध्ये?" पहिला प्रश्न हाच.

सूनबाई हसली. म्हणाली, "बेल-मेर. शब्दशः अर्थ, सुंदर आई."

असा हशा उसळला की बाळ दचकले. एक जण म्हणाली, "माझ्या सासूला एकदा दाखवा म्हणावं त्या फ्रेंच लोकांना!" सूनबाईने समजावले की जुन्या काळी 'बेल' हा शब्द आदराने, जिव्हाळ्याने लावत, त्यातून हे नाते आले. सून म्हणजे 'बेल-फीय', सुंदर मुलगी. "पण हाच शब्द सावत्र आईलाही लावतात," तिने भर घातली. तेव्हा दुसरी म्हणाली, "मग बरोबर आहे!"

आणि नणंद? नणंदेलाही 'बेल-सर', जावेलाही 'बेल-सर', वहिनीला, मेहुणीलाही तेच. एक शब्द, चौघींना. यावर मात्र डबा गंभीर झाला. "अगंबाई, मग भांडण कुणाशी झालं ते कळायचं कसं?"

मग आकडे निघाले. फ्रेंचमध्ये ऐंशीला म्हणतात 'कात्र-व्हँ', म्हणजे चार विसा. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. मला माझी आजी आठवली. आंबे असोत की पैसे, तिची मोजणी विसांनी. पॅरिसच्या शिकल्यासवरल्या माणसाची मोजणी आणि माझ्या अंगठा उठवणाऱ्या आजीची मोजणी एकच निघाली!

दाराजवळ सुक्या मासळीची पाटी घेऊन एक वयस्क बाई बसली होती. ती इतका वेळ गप्प ऐकत होती. तिने सूनबाईला विचारले, "वहीत काय लिवलंय गो एवढं?"

इथे मला थोडे मागे जावे लागेल. शेवटच्या सत्रात एक लहान प्रबंध लिहायचा होता. सूनबाईने विषय घेतला, जात्यावरच्या ओव्यांचे फ्रेंच भाषांतर. ही कल्पना तिला एका फ्रेंच माणसामुळे सुचली. गी प्वातव्हँ हे फ्रान्समधून १९७२ साली भारतात आले, पुण्यात राहिले, पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. सहकाऱ्यांच्या मदतीने तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. दया पवारांचे 'बलुतं' फ्रेंचमध्ये नेले तेही प्वातव्हँ यांनीच. त्याच्याही आधी ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडिताने मराठी भाषा कशी घडली यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली 'मराठी भाषेचा विकास' म्हणून मराठीत आणला. सूनबाई म्हणाली, "आई, त्यांनी आपली भाषा एवढी शिकून घेतली. मग मी त्यांची नुसती कादंबरी वाचून कसं चालेल? इथलं काहीतरी तिकडे न्यायला नको?"

आणि मग माझी नेमणूक झाली! माझी आई पहाटे जात्यावर बसायची, मी तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपायची. मला वाटायचे मी सगळे विसरले. पण सूनबाई वही घेऊन ओट्याशी उभी राहिली की पोळी लाटता लाटता एकेक ओवी वर यायची. ती शब्द विचारायची. मुऱ्हाळी म्हणजे नेमके कोण? बहिणीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. एका शब्दाला फ्रेंचमध्ये अख्खे वाक्य लागले. पाठराखीण? सासुरवास? प्रत्येकाला तिचे अर्धे पान भरायचे. मला कुणी आयुष्यात इतके प्रश्न विचारले नव्हते, आणि माझी उत्तरे कुणी लिहूनही घेतली नव्हती.

सगळ्यात अडले ते 'माहेर' या शब्दापाशी. फ्रेंचमध्ये फार तर 'आईवडिलांचे घर' असे म्हणता येते. सूनबाईला ते पटेना. तिने तो शब्द भाषांतरात 'माहेर' असाच ठेवला होता. पण परीक्षकांनी का ठेवला म्हणून विचारले तर काय सांगायचे, हे काही सुचत नव्हते.

हेच तिने त्या मासळीवालीला सोप्या शब्दांत सांगितले. बाई थोडा वेळ बाहेर बघत राहिली. उजाडत होते, गाडी वैतरणेच्या पुलावर आली होती. खाली खाडीचे पाणी चमकत होते. मग ती म्हणाली, "माझं माहेर पोफरणचं."

बोईसरच्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. तारापूरच्या केंद्रात तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची दोन गावे उठली. माणसांना दुसरीकडे वसवले गेले. जुन्या गावाची जागा प्रकल्पाला गेली.

"घर नाय, आंगण नाय, विहीर नाय," बाई म्हणाली. "आई-बापूस पण गेलं. भाऊ नव्या वसाहतीत ऱ्हातो. तरी गणपतीला जाते तवा मी काय बोलते? माहेरला चालले, असंच बोलते. गाव उठलं गो बाय. माहेर नाय उठत."

डब्यात कुणी काही बोलले नाही. मेथी निवडणारीचे हातही थांबले. सूनबाईने वही उघडून काही तरी लिहिले. विरारला ती बाई पाटी डोक्यावर घेऊन उतरली, जाताना बाळाच्या गालाला हात लावून बोटे मोडली. नाव विचारायचे राहूनच गेले.

अंधेरीला गाडी बदलून आम्ही सांताक्रूझला उतरलो आणि रिक्षाने कालिन्याला पोचलो. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. राजाबाई टॉवर असलेली ती जुनी इमारत फोर्टात, आणि हा विद्यानगरीचा परिसर इकडे. मी विद्यापीठात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. वाटले होते तेवढी भीती वाटली नाही. झाडे पुष्कळ आहेत, मुले पायऱ्यांवर वडापाव खात बसलेली, आणि कुत्री निवांत झोपलेली. सूनबाई आत गेली. मी झाडाखाली चादर पसरली, बाळाला दूध पाजले, मांडीवर झोपवले. माझ्या शेजारी दोन मुली बसून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. भाषा कळत नव्हती, पण परीक्षेची धडधड कुठल्याही भाषेत सारखीच.

तासाभराने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्याजवळ मातीतच बसली.

"विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, 'ला मेझों दे पारां' म्हणजे आईवडिलांचं घर, असं सरळ का नाही लिहिलं?"

"मग?"

"मी म्हटलं, घर पाडता येतं, गाव हलवता येतं. माझ्याबरोबर आज गाडीत एक बाई होती, तिचं दोन्ही गेलं, आईवडीलही गेले. तरी ती माहेरी जाते. मग ते घर कसं म्हणू?" ती थांबली. "आई, हे सगळं मी फ्रेंचमध्ये बोलले. अडखळले नाही. बोलताना मला कळलंसुद्धा नाही मी कोणत्या भाषेत बोलतेय."

मी काही बोलले नाही. दशमीचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. सकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतले नव्हते.

निकाल लागला, ती उत्तीर्ण झाली. नोकरी अजून पक्की नाही. घरी बसून थोडी भाषांतराची कामे येतात, त्याचे पैसे वेळेवर येतातच असे नाही. संध्याकाळी इमारतीतल्या अकरावी-बारावीच्या चार मुलांना ती शिकवते. पुढे संशोधन करावे असे तिच्या मनात आहे आणि ह्यांच्या कपाळावर पुन्हा एक आठी आहे. बघू.

तुमच्या घरात अशी एखादी अर्धी वही असेल, तर एवढे मात्र सांगते. एकदम मोठी उडी झेपत नसेल तर पायऱ्यांच्या परीक्षा द्याव्यात. 'डेल्फ' ही बी-टूपर्यंत, 'डाल्फ' त्याच्या वरची. ही प्रमाणपत्रे आयुष्यभर चालतात, मूल मोठे होईपर्यंत शिळी होत नाहीत. मुंबईत आलियाँस फ्राँसेजचे केंद्र १९३८ पासून आहे. पुण्यात विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमुळे अनेकींना ठाऊक असतील. नियम आणि फी बदलत असतात, म्हणून सांगोवांगीवर विसंबू नये, स्वतः जाऊन विचारावे. आणि घरातल्या थोरल्यांनी एकच करावे. वाढता वाढता बोललेली गोष्ट गमतीची असली, तरी समोरच्या ताटात पडते.

त्या दिवशी परतीची गाडी बोईसरला आली तेव्हा अंधार पडला होता. बाळ माझ्या खांद्यावर झोपले होते, आणि सूनबाई खिडकीला डोके टेकून. तिच्या मांडीवरून वही घसरत होती, ती मी धरून ठेवली. घरी पोचलो तर ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला होता. भाताची पार पेज झाली होती. आम्ही तिघांनी ती लोणच्याबरोबर खाल्ली.